निजवलेली नाव

साळूबाईला बसलेली मी फार उशिरा पाहिली. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात ती मासे विकते, तेही उभ्यानं. बाकीच्या बायका गोणपाट अंथरून, पुढ्यात विळी घेऊन ऐसपैस बसतात. हिनं मासा कापायला कंबरेएवढा एक ओंडका उभा केलाय, तो माझ्याच दुकानातून हुज्जत घालून नेलेला. गिऱ्हाईक नसलं की टोपलीभोवती फेऱ्या मारते, शेजारणीचा भाव ऐकते, स्वतःचा बदलते, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येते. जेवतेसुद्धा उभ्यानं, भाकरी हातावर घेऊन. पायाला भिंगरी पुष्कळांच्या असते, पण संध्याकाळी ती थांबते. हिची थांबत नव्हती.

गारखेड्यात तिच्या मुलाचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलगा विश्वजीत शेंद्र्याला कारखान्यात आहे, सून सोनिया शिवणकाम करते, आणि दोघांचंही म्हणणं की आईनं आता मासे विकणं सोडून घरी बसावं. घरी असली की ती सारखी दार उघडून गल्लीत डोकावते. कुणाची वाट बघताय, असं सोनियानं एकदा विचारलं. "कुणाची नाय, हवा घेते," म्हणाली आणि पुन्हा डोकावली.

माझं नाव बुद्धभूषण. छावणीत बाजाराच्या तोंडाशी माझं जुन्या लाकडाचं दुकान आहे. पडलेल्या घरांची दारं, खांब, तुळया, चौकटी मी आणतो, घासतो आणि ज्यांची घरं अजून उभी राहायची आहेत त्यांना विकतो. वडील इथंच सुतारकाम करायचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता, वादविवाद होते. कुणी काहीही ठोकून दिलं की वडील रंधा थांबवून विचारायचे, "पुरावा?" ती सवय मलाही लागली, आणि जुन्या वस्तूंच्या धंद्यात याच्याइतकी नुकसानीची सवय दुसरी नाही. गिऱ्हाइकाला पुरावा नको असतो. त्याला गोष्ट हवी असते.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात नाथसागर पार तळाला गेला होता. धरणाच्या उघड्या पडलेल्या पोटातून लोक ट्रॅक्टर भरभरून गाळ नेत होते. असाच गाळ वाहणारा पैठणकडचा कडुबा एका दुपारी ट्रॉली घेऊन दुकानासमोर उभा राहिला.

"भूषणशेठ, चीज आणली," तो म्हणाला.

ट्रॉलीत नाव होती. फळ्या जोडून केलेली नाही. एकाच खोडाला आतून कोरून काढलेली, दोन माणसं पाठोपाठ निजतील एवढी लांब. चिखलानं काळी पडलेली, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धड. मी धंद्यात इतकी वर्षं काढली, पण नाव माझ्याकडं कधी आली नव्हती. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी तोंड वाकडं केलं.

"लई तरास दिला हिनं," कडुबा सांगत होता. "नुसता गाळ असता तर बरं. आत दगड गच्च भरलेले. पोरांनी शिव्या घालत घालत दगड काढले, तवा कुठं हालली."

"नदीत दगड नाही तर काय मोती सापडणार?" मी म्हटलं आणि तो विषय तिथंच संपवला.

दोन दिवसांत काकासाहेब आले. शेंद्र्याकडं त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, त्या पैशातून ते रस्त्यालगत हॉटेल बांधत होते. ही नाव दारात ठेवायची, वर काच टाकायची आणि तिच्यामागं मॅनेजर बसवायचा, असा त्यांचा बेत लगेच ठरला.

"पैठणची म्हणजे सातवाहनांच्या काळातली असणार," ते म्हणाले.

"कशावरून?"

"वाटतेच तशी. अगदीच नाही जमलं तर यादवकालीन म्हणा. त्याच्या खाली नको."

वय घासाघीस करून ठरवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तपासून सांगतो, असं म्हणून मी त्यांना चहा पाजला.

पुढचा गुरुवार आला. साळूबाई टोपली डोक्यावर घेऊन दुकानासमोरून जाता जाता थांबली. टोपली तिनं माझ्या दारातल्या खांबांवर ठेवली, मला न विचारता. सरळ नावेकडं गेली आणि काठावरून हात फिरवत मागच्या टोकापर्यंत पोचली. तिथं आतल्या अंगाला गंजलेल्या पत्र्याचं एक ठिगळ होतं. त्या ठिगळावर तिचा हात थांबला.

"ही माह्या बापाची हाय," ती म्हणाली.

मी विचारायचं तेच विचारलं.

"पुरावा काय देऊ? सांगते, ऐक." आणि नावेभोवती फेऱ्या मारतच तिनं सांगितलं.

ते भोई लोक. कासारडोह नावाचं त्यांचं गाव गोदावरीकाठी होतं, धरणात गेलं. बाप सर्जेराव नावाडी होता. अल्याडच्यांना पल्याड न्यायचं आणि सुगीला घराघरातून धान्य घ्यायचं, हा त्याचा हक्काचा धंदा. बहात्तर सालच्या दुष्काळात नदी आटली. लोक पात्रातून चालत जायला लागले, नावेचं काम उरलं नाही. साळू तेव्हा आठ वर्षांची. आई तिला घेऊन थोडे दिवस माहेरी गेली. परत आल्या तर बाप नाही आणि नावही नाही.

"लोक म्हणले, नाव विकली आन् पळाला. खडी फोडायच्या कामावरची एक बाई पण त्याच टायमाला निघून गेली व्हती. मग काय, लोकांनी दोघांची गाठ मारून टाकली. माही आय म्हणायची, तो बुडाला, नावेसंगं बुडाला. लोक हसायचे. दुष्काळात कोण बुडतं? आय मरोस्तर कुकू लावायची, तरी लोक हसायचे. न लावती तरी हसले असते. मला शाळेत, लग्नात, सासरी, सगळीकडं पळपुट्याची पोर म्हणले." तिनं आणखी एक फेरी मारली. "माहे गजगे पण गेले त्याच्यासंगं. खेळायचे खडे. पांढरे व्हते, गारेचे, एकाला तांबडी शीर. भिंतीतल्या देवळीत ठेवले व्हते. आले तर नाय. त्याला कशाला पायजे व्हते?"

नाव बापाची ठरली तर ती विकली नव्हती. विकली नव्हती म्हणजे बाप पळाला नव्हता. नावेसंगं बुडाला होता, आईचं खरं होतं. एवढं एकच साळूबाईला सिद्ध करून हवं होतं, आणि बावन्न वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताला काहीतरी लागलं होतं.

माझी मात्र पंचाईत झाली. नाव जितकी जुनी तितकी मला बरी, आणि जितकी अलीकडची तितकी तिला. काकासाहेबांना सातवाहन हवे होते, साळूबाईला सर्जेराव. मी मधे उभा.

उन्हाचा कडाका वाढत होता. गाळात वर्षानुवर्षं ओली राहिलेली नाव माझ्या अंगणात वाळायला लागली आणि भर दुपारी तिच्यातून कट् कट् असा आवाज यायचा. साळूबाईनं तो ऐकला आणि त्या दिवसापासून माझं दुकान हेच तिचं ठाणं झालं. रोज गारखेड्याहून शेअर रिक्षानं पाण्याची कॅन घेऊन यायची, नावेवर गोणपाटं पसरायची, ती भिजवायची, सुकली की पुन्हा भिजवायची. ज्या गावात नळाला आठ आठ दिवस पाणी येत नाही, टँकरमागं बादल्या घेऊन पळावं लागतं, तिथं ही बाई लाकडाला पाणी पाजत होती. सोनियानं मला फोन करून सुनावलं, "दादा, घरात प्यायला पाणी नाही आणि आत्याबाई कॅन भरून तुमच्याकडं आणू राहिल्या."

"मावशी, माझ्या बोअरचं पाणी घ्या की," मी तिला म्हटलं.

"बोअरचं नको. खारं हाय. हे नळाचं धरणातून येतं, हिच्या ओळखीचं हाय."

ज्या पाण्यानं तिचं गाव बुडवलं तेच नळातून येतं, तेच ती नावेला घालत होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तिचा राग यायचा. ती गिऱ्हाइकांच्या पायात पायात करायची, दाराला हात लावणाऱ्याला "ते सोड, इकडं बघ, माह्या बापाची नाव" म्हणून ओढायची. एकदा काकासाहेबांनाच ओढलं. ते गेल्यावर मी चिडून म्हणालो, "ठरू तरी द्या आधी."

"मग ठीव की ठरवून. तू नुसता बसतो."

हा टोमणा मला लागला. मी प्रेरणा मॅडमना बोलावलं. त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतात, लाकूड बघून झाड सांगतात. माझ्या कितीतरी 'सागवानी' चौकटी त्यांनी हसत हसत जांभळीच्या ठरवल्या आहेत. त्यांनी आतल्या अंगाचा नखाएवढा तुकडा काढला, ब्लेडनं त्याची पातळ चकती केली, ओली करून भिंगाखाली धरली. मग नावेच्या आत वाकून बराच वेळ तासल्याच्या खुणा पाहिल्या, ठिगळ पाहिलं.

"आंबा आहे," त्या म्हणाल्या. "वाकसानं तासलाय, आधी थोडा जाळून घेतलाय. पण ही रीत शेकडो वर्षं तीच होती, त्यावरून काळ ठरत नाही. काळ हे ठिगळ सांगतंय. पत्र्याची कड बघा, मुडपलेली आहे. तुपाच्या मोठ्या डब्याचा पत्रा आहे हा. आणि खिळे कारखान्यातले आहेत, लोहाराचे नाहीत."

"म्हणजे सातवाहन नाहीत."

"सातवाहन डालडा खात असतील तर आहेत."

नाव सत्तर-ऐंशी वर्षांची असेल, दुरुस्ती त्यानंतरची, असं त्यांनी सांगितलं. प्रयोगशाळेत पाठवूनही याहून नेमकं काही कळणार नव्हतं, कारण नाव त्या तपासणीच्या मानानं फारच तरणी होती. साळूबाई तेव्हा रस्त्यापलीकडं रिक्षातली कॅन उतरवून आणायला गेली होती. त्यामुळं मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा ती तिथं नव्हती.

"सापडली तेव्हा आत काय होतं?"

"गाळ आणि दगड," मी म्हणालो. "नदीत असतात ते."

त्यांनी मान हलवली. साळूबाई आल्यावर मी तिला निकाल सांगितला. ती खूश झाली आणि लगेच म्हणाली, "मग माह्या बापाचीच झाली."

"मावशी," प्रेरणा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या वडलांच्या वेळची आहे, हे नक्की. पण त्या वेळी नदीवर अशा पुष्कळ नावा असतील, आणि डब्याचा पत्रा सगळेच मारत असतील. लाकडावरून झाड सांगता येतं. नावाडी नाही सांगता येत."

साळूबाईनं गोणपाट पिळून पुन्हा पसरलं. त्या दिवशी तिच्या फेऱ्या आणखी वाढल्या, एवढंच.

काकासाहेबांना मी खरं ते सांगितलं. ते जरासुद्धा डगमगले नाहीत. "वय तुम्ही सांगू नका. पाटी मी लावतो." माझा हात सौद्यासाठी पुढं होणार होता. पण समोर ओल्या गोणपाटाखाली ती नाव आणि रस्त्यात येरझाऱ्या घालणारी ती बाई, आणि कानात वडलांचा रंधा थांबलेला. कळवतो, असं म्हणालो. झोप उडवायला एवढं पुरतं. दोन आठवडे मी दुकानात कुणाशी धड बोललो नाही.

जून उजाडला तरी पावसाचा पत्ता नव्हता. एका गुरुवारी कडुबा सागाचा एक खांब दाखवायला आला. नावेवरची ओली गोणपाटं बघून त्याला हसू फुटलं.

"हिला पाणी पाजता व्हय? आन् आम्ही हिच्यातले दगड काढून काढून मेलो."

साळूबाई पलीकडं मासा कापत होती. तिच्या हातातला सुरा थांबला. ती तशीच सुरा घेऊन आली. कडुबा एक पाऊल मागं सरला.

"कसले दगड?"

"आतले, मावशी. पार काठापर्यंत भरलेले."

"नाव उताणी व्हती का पालथी?"

"उताणीच. म्हून तर दगड राहिले आत."

"गोल दगड का धारेचे?"

"गोल. येकजात गोल. मला पण नवल वाटलं."

साळूबाईचं तोंड उतरलं. मी तिला त्या आधी चिडलेली, भांडणारी, हसणारी पाहिली होती. अशी नव्हती पाहिली. "म्हंजी बुडाला नाय," ती म्हणाली. "निजवून गेला."

मला काही समजलं नाही. मग तिनं तुटक तुटक सांगितलं. उन्हाळ्यात नावेला काम नसतं. उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं. म्हणून नावाडी ती डोहात नेतो, गोल दगडांनी भरतो आणि पाण्याखाली उताणी बसवतो. याला नाव निजवणं म्हणतात. पाऊस झाला की बुड्या मारून दगड काढायचे, नाव आपोआप वर येते. कासारडोहचे भोई दर उन्हाळ्यात नाव निजवायचे, पण घाटाशी, गावासमोर. साळू आणि तिची आई परत आल्या तेव्हा घाटाशी नाव नव्हती, म्हणून तर विकली असं झालं.

"तुला कुठं सापडली?" तिनं कडुबाला विचारलं.

"म्हसोबाच्या कपारीखाली. जुन्या गावापासून लई खाली."

"त्या साली घाटाचं पाणी आटलं व्हतं," ती स्वतःशीच म्हणाली. "कपारीखालीच असणार पाणी. आमी तिथं बघितलंच नाय."

मी मनात हिशोब मांडला आणि तो मला आवडला नाही. बुडालेला माणूस नावेत दगड रचून ठेवत नाही. सर्जेरावानं नाव नीट निजवली, आणि कोरड्या पायांनी कुठंतरी गेला. इतकी वर्षं आई म्हणत होती ते खोटं, आणि लोक म्हणत होते ते अर्धं का होईना खरं. हे साळूबाईला माझ्याआधीच कळलं होतं. नावेचं वय काढण्याच्या नादात आम्ही तिच्या बापाला पुन्हा पळपुटा करून ठेवलं होतं, आणि ज्या दगडांवरून ते ठरलं ते मी पहिल्याच दिवशी चेष्टेवारी नेले होते.

पण ती रडली नाही. तिनं कडुबाचा दंड धरला. "मागच्या टोकाला येगळा दगड व्हता का? नावाडी बसतो तिथं? सगळ्यांच्या वर?"

"व्हता की. काळा, सपाट. चांगला दिसला म्हून घरी नेला. बायको त्याच्यावर धुणं धुती."

"चल," साळूबाई म्हणाली.

मासे शेजारणीच्या हवाली झाले. दुकानाला कुलूप लावून मी टेम्पो काढला. पुढं माझ्याजवळ जागा होती, तरी ती मागं कडुबाशेजारी दांडी धरून उभी राहिली. पैठण रस्त्यानं उभ्यानं जाणारी ती बाई मला आरशात दिसत होती, पदर डोक्यावरून उडालेला, नजर समोर.

कडुबाचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात मोरी, मोरीशी तो काळा दगड, त्याच्यावर साबणाचा फेस. कडुबाची बायको द्वारकाबाई धुणं धूत होती. एवढी माणसं दगडाकडं बघतायत म्हटल्यावर ती गडबडून उठली. साळूबाईनं तांब्याभर पाणी घेऊन फेस धुतला आणि दगडावर हात ठेवला.

"हा ओळखीचा आहे?" मी विचारलं.

"दगड काय ओळखायचा? दगडासारखा दगड." मग म्हणाली, "नाव निजवताना घरातल्या दर माणसाचा एक दगड ठेवतात. जो परत नावेत बसणार त्याचाच. मेलेल्याचा ठेवत नाय. सासरी गेलेल्या लेकीचा ठेवत नाय. नावाड्याचा मागच्या टोकाला, वरून. जो कायमचा चालला तो सोताचा दगड कशाला ठेवंल?"

मला ते पटायला लागलं होतं, पण सवय वाईट. "नाव त्यांचीच होती कशावरून? दुसऱ्या कुणा नावाड्याची असेल."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली. तेवढ्यात द्वारकाबाईनं पाणी आणलं. पेला घेता घेता साळूबाईची नजर तुळशीकडं गेली. कुंडीतल्या मातीवर पांढरे खडे मांडले होते. उन्हात चकाकत होते.

"हे कुठले?"

"त्या नावेतलेच," द्वारकाबाई म्हणाली. "पुढच्या टोकाला वाटीएवढा खळगा हाय ना, त्याच्यात व्हते. ह्यांनी आणले. लई गोजिरे दिसले म्हून तुळशीत ठेवले."

साळूबाईनं पेला खाली ठेवला. एक एक खडा उचलून तळहातावर घेतला. पाच होते. शेवटच्यावर अंगठा फिरवून माती पुसली तर तांबडी शीर निघाली. तिनं तो मला दाखवला नाही, पण माझ्याकडं वळून तळहात तसाच उघडा ठेवला. माझ्या उभ्या जन्मात मला इतका चोख पुरावा कुणी दिला नव्हता.

"मी मामाकडं व्हते," ती म्हणाली. "माहा दगड कोण ठेवणार? म्हून त्यानं माहे गजगे ठेवले." तिनं मूठ मिटली. "आयचा पण असंल. तुह्या पोरांनी फेकला तो. असू दे, त्यान्ला काय ठाव."

कडुबा खाली मान घालून उभा होता.

"मग गेले कुठं?" मी विचारलं. हे मला विचारावंच लागलं.

"कामाला. त्या साली सगळे कुठं जात व्हते? पाऊस पडला की येणार व्हता, नाव काढणार व्हता. आला नाय, म्हंजी येता आलं नाय." अंगणातल्या अंगणात ती फिरत राहिली, मूठ छातीशी धरून, आणि कितीतरी वेळ तेच म्हणत राहिली. "येणार व्हता. येणार व्हता."

काकासाहेबांना मी नाव द्यायला नकार दिला. ते रागावले, आणि नंतर कुठूनशी एक बैलगाडी मिळवून तिला मोगलकालीन ठरवून मोकळे झाले. माझं नुकसान झालं, त्याचं दुःख मला आजही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. नाव साळूबाईला दिली. पण गारखेड्याच्या दोन खोल्यांत नाव ठेवणार कुठं? अंगणात ती तडकतच होती. एक भेग तर काठापासून ठिगळापर्यंत पोचली होती.

"हिला निजवू," साळूबाई म्हणाली.

श्रावणात वरच्या अंगाला पाऊस झाला, धरणात पाणी यायला लागलं. एका रविवारी कडुबाच्या ट्रॅक्टरनं आम्ही नाव काठावर नेली. विश्वजीत आणि सोनिया आले होते. कडुबानं, कुणी न सांगता, सबंध आठवडाभर गोल दगड जमवून ठेवले होते. काळा सपाट दगडही त्यानं आणला होता. द्वारकाबाईनं धुण्याला दुसरा शोधला.

पाणी कमरेएवढं होतं तिथं नाव तरंगती धरली आणि भरायला सुरुवात केली. साळूबाई पाण्यात उभी राहून हुकूम सोडत होती. हा इकडं, तो तिकडं, धारेचा नको. काठ पाण्याला टेकायला आला तेव्हा तिनं हात वर केला. आता माणसांचे दगड. एक विश्वजीतचा. एक सोनियाचा. स्वतःसाठी तिनं कनवटीचे गजगे काढले आणि पुढच्या खळग्यात ठेवले, जिथं होते तिथंच.

"तुहा टाक," ती मला म्हणाली.

"मावशी, मी हे मानत नाही."

"मानू नको. टाक."

मी टाकला. कडुबानंही टाकला.

काठावर काळा दगड तेवढा राहिला होता. कडुबानं तो उचलला आणि मागच्या टोकाकडं यायला लागला. साळूबाई त्याच्याकडं बघत होती. तो अगदी जवळ आला, दगड ठेवायला वाकला, तेव्हा तिनं त्याच्या मनगटाला हात लावला.

"राहू दे," ती म्हणाली.

मेलेल्याचा दगड ठेवत नाहीत, हे एव्हाना आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कडुबानं तो परत काठावर नेऊन ठेवला. विश्वजीतनं आणि मी नाव खाली दाबली. आधी मागचं टोक गेलं, मग पुढचं. गढूळ पाण्यात चार बुडबुडे आले आणि पाणी सपाट झालं.

साळूबाई पाण्याबाहेर आली. ओलं लुगडं पिळलं. काठानं थोडी चालली, वळली, परत आली. मग त्या काळ्या दगडाशी थांबली आणि त्याच्यावर बसली. दोन्ही पाय लांब करून, हात मांडीवर टाकून बसली आणि रडायला लागली, घरात माणूस गेल्यावर बायका रडतात तशी, आवाज काढून. सोनिया तिच्या शेजारी मातीत बसली. आम्ही पुरुष दुसरीकडं बघत उभे राहिलो.

पुष्कळ वेळ गेला. आभाळ भरून यायला लागलं. विश्वजीत जवळ जाऊन म्हणाला, "आई, निघायचं का?"

"थांब रे," ती म्हणाली. "बसू दे जरा."